विनाइल ओढायचे नसते

छापलेले विनाइल, म्हणजे बोर्डांवर आणि गाड्यांवर चिकटवायचा, पाठीला गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, बिघडतो तो छपाईयंत्रावर क्वचितच. बहुतेक वेळा ते लावणाऱ्याच्या हातात आणि शेवटच्या अर्ध्या तासात बिघडते. मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या गिऱ्हाइकाकडून दोनदा तपासून घेतलेल्या असतात, रंग मनासारखा उतरलेला असतो, वर लॅमिनेशनही चढलेले असते. आणि मग दहा फुटांची ती प्रिंट टेम्पोच्या पत्र्याला टेकवताना कोणीतरी एक टोक जरासे ओढते. ओढल्याचे त्या दिवशी काहीच दिसत नाही. टेम्पोला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढा हातावर पडतो आणि बिलही चुकते होते. दोष दिसतो तो पुढच्या मे महिन्यात, जेव्हा तोच टेम्पो दुकानासमोर येऊन उभा राहतो आणि अक्षरांच्या कडेने पत्र्याची एक बारीक, चिकट, धूळ खाऊन काळी पडलेली रेघ उघडी पडलेली असते. साताऱ्यात साइनबोर्डचे दुकान चालवताना मी जे काही शिकले, ते बहुतेक सगळे असे वर्षभर उशिराच शिकले.

दुकान मुळात अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. ते पेंटर. पत्र्याला प्रायमर, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात, दोऱ्याला खडू लावून मारलेली रेघ आणि मग खारीच्या केसांच्या ब्रशने काढलेली अक्षरे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या कामात चूक पुसता येत असे. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की चुकलेले अक्षर नाहीसे. दुकानात विनाइलची अक्षरे कापून देणारे कटिंगचे प्लॉटर आले आणि काही वर्षांनी छपाईचे यंत्र आले, तेव्हा त्यांना सगळ्यात खटकली ती हीच गोष्ट, की या नव्या मालाला पुसणे माहीत नाही. एकदा चिकटले की चिकटले. (गावात या सगळ्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. त्यात रेडियमचा कणही नसतो. पण ‘रेडियमवाली ताई’ ही ओळख मी केव्हाच मान्य करून टाकली आहे.)

आमची पहिली मोठी फजिती अण्णांच्याच सवयीमुळे झाली. रंगवण्याआधी जुना पत्रा रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, हे त्यांच्या हाताला चाळीस वर्षांचे वळण. त्या दिवशीही त्यांनी एका किराणा दुकानाचा बोर्ड मोठ्या प्रेमाने रॉकेलने पुसला, कोरड्या फडक्याने चमकवला आणि मला म्हणाले, “घे, आता आरसा झालाय.” मी त्यावर विनाइल लावले. संध्याकाळी ते एका कोपऱ्यातून सुटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘जनरल स्टोअर्स’ यातले ‘जनरल’ रस्त्यावर पडलेले होते. रॉकेल उडून गेल्यासारखे वाटले, तरी त्याचा तेलकट पापुद्रा पत्र्यावर राहतो. विनाइलच्या पाठीवरचा गोंद दाबाने चिकटणारा असतो. तो पृष्ठभागावर हळूहळू पसरतो, त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरतो आणि तिथे पकड घेतो. मध्ये तेलाचा थर असला, तर तो त्या थरालाच चिकटून बसतो. मोटारीवरच्या चकचकीत पॉलिशमधले सिलिकॉन आणि मेण हाच घात करतात, आणि ‘गाडी आत्ताच पॉलिश करून आणलीय ताई’ असे कोणी कौतुकाने सांगितले, की आता माझ्या पोटात गोळा येतो. आमची पद्धत साधी आहे. आधी साबणाचे पाणी, मग स्वच्छ पाणी, पूर्ण वाळू द्यायचे आणि शेवटी सत्तर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व तीस भाग पाणी यांचा हात. तोही एका फडक्याने लावून, वाळण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचा. कारण आपोआप वाळू दिला, तर सुटलेला मळ होता तिथेच परत बसतो. दाराच्या कडा, रबराच्या पट्ट्यांच्या खाली आणि रिव्हेटच्या भोवती फडके बोटाला गुंडाळून फिरवावे लागते, कारण विनाइल सुटायला सुरुवात होते ती नेमकी तिथूनच.

तेलाइतकाच फसवा असतो ताजा रंग. एका शाळेच्या समारंभासाठी व्हरांड्याच्या भिंतीवर सहा फूट रुंदीचे माहितीफलक लावायचे होते. शाळेने भिंतीला आठ दिवसांपूर्वीच ऑइलपेंट दिला होता. हात लावून पाहिला तर कोरडा. बोटाला रंग येत नव्हता, वासही गेला होता. आम्ही रात्री दहापर्यंत बसून सगळे फलक लावले आणि टॉर्च मारून बघितले, तर एकही फुगा नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे समारंभाच्या सकाळी, मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. संस्थापकांच्या फोटोवर देवीचे व्रण उठावेत तसे फोड आले होते. वरून वाळलेला रंग आतून अजून वाळत होता, त्यातली द्रावके बाहेर पडत होती. आणि विनाइल म्हणजे प्लास्टिक, ते श्वास घेत नाही. वायू जाणार कुठे? तो विनाइलखाली साठत राहिला. त्याहून वाईट म्हणजे, फलक काढायला गेलो तेव्हा त्यांच्याबरोबर रंगाचे पापुद्रेही निघून आले. तेव्हापासून नव्या रंगाच्या भिंतीला मी निदान तीन-चार आठवडे मागून घेते. भिंतीचा भरवसा वाटला नाही, तर एक वीतभर तुकडा लावून दोन दिवस तसाच ठेवते. गिऱ्हाईक वैतागते, पण त्या मुख्याध्यापिकाबाईंइतके कोणीच वैतागलेले नाही.

वाळण्याचा हाच न्याय छपाईच्या शाईलाही लागू आहे. आमचे यंत्र इको-सॉल्व्हंट शाईचे आहे. प्रिंट बाहेर येते तेव्हा ती हाताला कोरडी लागते, पण शाईतले द्रावक विनाइलमध्ये मुरलेले असते आणि ते उडून जायला निदान चोवीस तास हवेत. तेही प्रिंट सैल, हवा खेळेल अशी ठेवली तर. घट्ट गुंडाळून ठेवलेला रोल चोवीस तासच काय, तीन दिवसांनीही मधोमध ओलाच असतो. निवडणुकीच्या दिवसांत किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोणाला चोवीस तास थांबायचे असतात? घाईने लॅमिनेशन केले, की ते द्रावक दोन थरांत कोंडले जाते, विनाइल मऊ पडते, गोंद चिकीसारखा लिबलिबीत होतो आणि भाजताना पापडाच्या कडा वळतात तशा प्रिंटच्या कडा वर वळतात. मग दोष लावणाऱ्या मुलाच्या माथी मारला जातो. आमच्याकडच्या मुलाने अशी बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत, त्यातली काही माझ्याकडून. आणि त्यातल्या निम्म्या वेळा चूक छपाईच्या टेबलावर झालेली होती, हे मी इथे लिहून ठेवते.

आता त्या ओढण्याबद्दल. बाजारात विनाइल ढोबळमानाने दोन तऱ्हांचे मिळते. एक तापलेल्या रुळांमधून लाटून काढलेले, त्याला कॅलेंडर्ड म्हणतात. ते साधारण ऐंशी ते शंभर मायक्रॉन जाडीचे असते आणि स्वस्त असते. दुसरे कास्ट, म्हणजे पातळ द्रव कागदावर ओतून भट्टीत भाजलेले. ते पन्नास मायक्रॉनच्या आसपास, पातळ आणि महाग. पहिली लाटलेली पोळी आहे आणि दुसरे तव्यावर ओतलेले घावन. मैद्याची पोळी लाटून पोळपाटावर नुसती ठेवली, तरी ती आक्रसते, हे कोणत्याही सुगरणीला ठाऊक असते. लाटताना तिला जो ताण दिला, तो ती परत मागते. लाटलेले विनाइलही तसेच आहे. त्याला ऊन मिळाले, की ते आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. घावनाला कोणी ओढलेलेच नसते, त्यामुळे त्याला परत जायला जागा नसते. पण लावताना हातानेच ओढले, तर घावनही ताण धरते. टेम्पोच्या पत्र्याला ज्या उभ्या खोलगट पन्हळी असतात, त्यांवर विनाइल पुलासारखे ताणून मग अंगठ्याने खाली दाबण्याचा मोह प्रत्येक नवशिक्याला होतो. दाबल्यावर ते बसतेही. मग आठवड्याभरात पन्हळीच्या तळातून ते तंबूसारखे उचलले जाते. शिवाय ओढलेल्या जागी शाईसुद्धा पातळ होते. गडद लाल असेल तिथे फिकट पट्टा दिसू लागतो.

या प्लास्टिकच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. वाल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत रबर धातूला चिकटवण्यासाठी गोंद शोधत होता. १९२६ मध्ये त्याने निरुपयोगी समजले जाणारे पीव्हीसी, म्हणजे आमच्या विनाइलचेच मूळ प्लास्टिक, एका उकळत्या द्रावकात विरघळवले आणि हाती आला तो मऊ, लवचिक, कशालाही न चिकटणारा गोळा. म्हणजे आम्ही ज्याला दिवसभर चिकटवत बसतो, ती वस्तू गोंद साधला नाही म्हणून सापडली. आणि ती चिकटवताना आम्ही जी पिवळसर मास्किंग टेप वापरतो, ती त्याच्या आदल्याच वर्षी, १९२५ मध्ये, थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यूने मोटारी दोन रंगांत रंगवणाऱ्या पेंटरांची कटकट पाहून तयार केली. अण्णांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे शेवटी पेंटरच उपयोगी पडला.”

लावण्याचे काम आम्ही दोघेच करतो, तिसरा माणूस फक्त बोलतो. प्रिंट आधी मागच्या कागदासकट पत्र्यावर धरून तिची जागा ठरवायची. पाणसळ इथे कामाची नाही, कारण गाडी उताराला उभी असते आणि तिची बॉडीही कुठे सरळ असते? डोळ्याला खरी वाटते ती पत्र्याची खालची कड, म्हणून दोन्ही टोकांना तिच्यापासूनचे अंतर मोजून खुणा करायच्या. मग प्रिंटच्या बरोबर मध्यावर वरपासून खालपर्यंत मास्किंग टेपची उभी पट्टी मारायची. ही पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. डावा अर्धा भाग दाराच्या फळीसारखा उघडायचा, त्याच्या पाठीवरचा कागद सोलत बिजागरीपर्यंत आणायचा आणि तिथे कापून टाकायचा.

सोलण्याचीही रीत आहे. विनाइल कागदावरून उपटायचे नसते, कागद विनाइलवरून काढायचा असतो. ऐकताना यात काही फरक वाटत नाही, पण उपटताना ताण विनाइलवर येतो आणि सोलताना कागदावर. कागदाचे टोक उलटे दुमडून, त्याच्याच अंगावरून सपाट मागे न्यायचे, एका गतीने, न थांबता. मध्येच थांबलात, तर गोंदावर आडवी रेघ उमटते आणि ती गडद रंगाखालून पुढे कायम दिसत राहते. लहान प्रिंट असेल, तर ती टेबलावर पालथी घालून कागद सोलणे उत्तम. कोरड्या थंडीच्या दिवसांत सोलताना चटचट आवाज येतो, हातावरचे केस उभे राहतात आणि आसपासची सगळी धूळ, लोकर आणि शेजारच्या कुत्र्याचे केससुद्धा गोंदाकडे धाव घेतात. म्हणून डिसेंबरात आम्ही आधी जमिनीवर पाणी शिंपडून घेतो.

मग स्क्वीजी. ही विनाइल दाबत बसवायची, थोडक्या किमतीची प्लास्टिकची पट्टी, पण तिच्या कडेला बारीकसा दात पडलेला असेल, तर दहा फुटांच्या प्रिंटवर दहा फुटांचा ओरखडा उठतो. आम्ही तिच्या कडेला बनातीची पट्टी चिकटवतो आणि ती जराशी ओली ठेवतो. एकाने विनाइलचे सुटे टोक पत्र्यापासून दूर, सैल पण न लोंबता धरायचे. दुसऱ्याने बिजागरीपासून सुरुवात करून, पट्टी तिरपी धरून, मधून वर आणि मधून खाली असे हात मारत बाहेरच्या दिशेने सरकायचे. प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढला पाहिजे, सारवताना चढतो तसा. विनाइल पत्र्याला पट्टीच्या खालीच टेकले पाहिजे, तिच्या आधी नाही. आधी टेकले की हवा कोंडलीच. आणि धरणाऱ्याने धरायचे म्हणजे फक्त धरायचे. सुरकुती दिसली, की त्याचा हात आपोआप ताण देतो, सुरकुती नाहीशी होते आणि त्याला वाटते आपण मोठे काम केले. सुरकुती दिसली तर थांबायचे, विनाइल झटका न देता तेवढेच मागे उचलायचे आणि पुन्हा टेकवायचे. “ओढू नकोस” हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते, की माझ्या मुलीने पतंगाच्या दिवसांत मला मांजाला हात लावू द्यायचे बंद केले आहे.

फुगे राहतातच. बाजरीच्या दाण्याएवढे असतील, तर तसेच सोडावेत. काही दिवसांच्या उन्हात बहुतेक आपोआप बसतात. मोठा असेल, तर त्याच्या मध्यावर नव्हे, कडेला सुईने एक भोक पाडायचे आणि दुसऱ्या बाजूने अंगठ्याने हवा त्या भोकाकडे रेटायची. सुईऐवजी कटरचे पाते लावणाऱ्याला मी दुकानात ठेवत नाही. पात्याची चीर उन्हात आक्रसून डोळ्यासारखी उघडते. सुईचे भोक मिटल्यातच जमा. तोच कटर गाडीच्या अंगावर विनाइल कापायला वापरला, तर पाते रंगाच्या आत जाते, आणि दोन पावसाळ्यांनी त्या सरळ रेघेवर गंज फुटतो.

काचेवर मात्र पाण्याची रीत सोयीची. बाटलीभर पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, ते काचेवर आणि गोंदावर फवारायचे, मग प्रिंट हवी तशी सरकवता येते. थेंब म्हणजे थेंब. फेस झाला, तर साबणाचा थर गोंदात राहतो. ज्या विनाइलच्या गोंदात हवा जायला बारीक नाल्या असतात, त्याला हे पाणी घालायचे नाही, कारण नाल्यांत पाणी भरून बसते. पाणी घालून लावलेली कटिंगची अक्षरे वरच्या ट्रान्सफर टेपसकट, म्हणजे ज्या टेपने ती उचलून आणतो तिच्यासकट, थोडा वेळ तशीच राहू द्यावीत. मी एकदा दवाखान्याच्या दारावर घाईने टेप सोलली, तेव्हा ‘वेळ’ शब्दातला ‘ळ’ टेपबरोबर परत आला होता.

हवामानाचे म्हणाल, तर पत्रा दहा अंशांच्या खाली असेल, तर गोंद आळशी होतो; जानेवारीत सकाळी सातला शटर हाताला बर्फासारखे लागते, तेव्हा चहा पिऊन नऊ वाजण्याची वाट पाहणे हाच उपाय. मे महिन्यात उलटे. तापलेल्या पत्र्याला विनाइल टेकले, की ते दुसरी संधी देत नाही आणि मऊ झालेले असल्याने नुसत्या स्वतःच्या वजनानेही ताणले जाते. उन्हाळ्यातली कामे आम्ही सकाळी लवकर किंवा झाडाखाली करतो.

पन्हळी आणि रिव्हेट यांसाठी हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, असते. तिचे काम दोन टप्प्यांचे, आणि बहुतेक जण पहिला टप्पा झाला की थांबतात. आधी कोमट ऊब देऊन विनाइल सैल करायचे आणि बोटाने, कडेकडून तळाकडे, थोडे थोडे उतरवत न्यायचे. सगळे बसल्यावर त्याच जागी पुन्हा, या वेळी साधारण नव्वद ते शंभर अंशांपर्यंत, ताव द्यायचा. कास्ट विनाइल त्या तापमानाला आपला जुना आकार विसरते आणि नवा पत्करते. हा दुसरा ताव लाटलेल्या विनाइलला उपयोगी नाही. त्याला पन्हळीवर लावूच नये, पण ते दोन्हींच्या भावांतला फरक ऐकल्यावर गिऱ्हाइकाला पटवून देण्याचे काम माझे, आणि त्यात मी अनेकदा हरते. हरले की पन्हळीच्या दोन्ही कडांना विनाइल कापून, तळ मोकळा सोडते. चित्र तुटते, पण टिकते.

लावून झाले की निदान एक दिवस पाणी नको. गोंदाची पुरी पकड यायला चोवीस ते बहात्तर तास लागतात. कोपरे आधीच गोल कापलेले असले, तर फडके अडकून ते उचलले जात नाहीत. आणि प्रिंट घरी न्यायची असेल, तर छापलेली बाजू बाहेर ठेवून, तीन इंच तरी जाड नळीवर सैल गुंडाळून न्यावी. बाजू आत घेतली, की विनाइल चुरगळून कागदापासून सुटते. घडी घालून पिशवीत टाकलेली प्रिंट घेऊन येणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. घडीची रेघ कशानेही जात नाही.

आमच्या दुकानाचे शटर पश्चिमेला तोंड करून आहे. नवा रोल उघडला, की त्याच्या छापलेल्या कडेची चार बोटे रुंद पट्टी मी शटरच्या उजव्या पाखाला लावते आणि खाली मार्करने तारीख टाकते. आता तिथे अशा तीसेक पट्ट्या झाल्या आहेत, आणि नवे लोक विचारतात, की ही कसली रंगांची दुकानदारी. एक लाटलेल्या विनाइलची पट्टी २०१६ सालची आहे. ती चारी बाजूंनी जवळपास दोन मिलिमीटर आत गेली आहे आणि तिच्याभोवती काळी चौकट तयार झाली आहे. तिच्या शेजारची, त्याच आठवड्यात लावलेली कास्टची पट्टी फिकी पडली आहे, पण जागेवर आहे. त्या दोघींच्या वर अण्णांनी ऑइलपेंटने लिहिलेले ‘पेंटर’ अजून वाचता येते. रोज शटर उघडताना ते त्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांवरून अंगठ्याचे नख फिरवतात, आणि एखादा कोपरा नखाला लागला, तर वर नेण्याआधी शटर तसेच अर्धे धरून मला हाक मारतात.